दोन फ्रेम जास्त

३ मे, रविवार. सायं. ६.१०

आज पुन्हा पुलावर मेलो. चूक माझी नाही. उडी मी वेळेवर मारली, पडद्याने ती उशिरा दाखवली, तोवर मी नदीत. कन्या पलीकडच्या काठावर वाट बघत उभी. मशीन, म्हणजे घरचा कॉम्प्युटर, आठ वर्षांचं. त्यातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं हलवणारा भाग, पार थकलंय. गेल्या वर्षी मी स्वतः सगळं उघडून, पुसून, परत जोडलं होतं. एकही स्क्रू उरला नाही. नेमकं तेव्हापासूनच ते म्हातारं झालं, हा योगायोग.

२४ तारखेला गेमचं मोठं अपडेट येतंय. त्यानंतर असल्या मशीनवर गेम उघडणारच नाही म्हणे. कन्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून रविवारी पाच ते सहा हा आमचा गेम खेळायचा तास. समोरासमोर बसलो की दोघांनाही काही सुचत नाही. हाताला काम असलं की माइकवर बोलणं होतं. हा तास गेला तर काय उरेल?

निश्चय: कार्ड घ्यायचं की नाही, आठवड्याच्या आत ठरवणे.

ता. क. तिला काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात मशीन अडकलं. बहुधा अपडेटबद्दलच असेल.

४ मे, सोमवार

छापखान्याचं स्टोअर सांभाळायला लागून तेवीस वर्षं झाली. तीन कोटेशनं आणि तुलनेचा तक्ता झाल्याशिवाय मी शिलाईच्या दोऱ्याचं रीळसुद्धा घेतलेलं नाही. कंपनी एकदाही फसली नाही. (एकदा माझा तक्ता पूर्ण होईपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. पण फसलो नाही.) त्याच शिस्तीने कार्डाचा तक्ता सुरू. अकरा रकाने.

हिने कपड्यांच्या घड्या घालता घालता सुचवलं की कन्येला एक फोन करा, तिच्या डोक्यात काहीतरी घोळतंय. म्हटलं, आधी मशीन, मग बोलणं. क्रम महत्त्वाचा.

७ मे, गुरुवार

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, हे कार्ड डोळे झाकून घ्या. डोळे झाकून घ्या म्हणणाऱ्या माणसाकडून मी काहीही घेत नाही. दुसरा म्हणाला, थांबा, दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय. हा माणूस आवडला. पण दोन महिने माझ्याकडे नाहीत. तक्त्यात बारावा रकाना वाढवला: ‘थांबल्यास’.

१० मे, रविवार. सायं. ६.१५

मोठा शोध. एका जाणकाराने नेटवर लिहिलंय की मागे चालणारी प्रत्येक गोष्ट कार्डावर भार टाकते. म्हणून गेममधला आवाज पूर्ण बंद केला. दोन फ्रेम वाढल्या! म्हणजे दर सेकंदाला दोन चित्रं जास्त.

कन्येचा खेळ मात्र ढासळलाय. पुलाच्या अलीकडे नुसती उभी. हातवारे करत होती, अधूनमधून उड्या मारत होती. नेटवर्क कमजोर असावं. मी दोनदा पूल ओलांडायचा प्रयत्न केला. दोनदा नदी.

१२ मे, मंगळवार. दु. १२.४०

ऑफिसात कन्येचा फोन. मी तेव्हा फुटपट्टी घेऊन तिथल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या खोक्याची लांबी मोजत होतो, आमच्या घरच्यात कार्ड मावेल की नाही याचा अंदाज यावा म्हणून. ती म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं आहेत का?" म्हटलं, रविवारी निवांत बोलू, तोवर मशीनही बरं होईल. ती बरं म्हणाली.

समजूतदार मुलगी. माझ्यावर गेलीय.

१३ मे

निर्णय झाला. घ्यायचं नाही. मन एकदम हलकं.

१४ मे

घ्यायचं.

१५ मे

तक्ता पुन्हा तपासला. चौथ्या रकान्यात चूक होती. निर्णय स्थगित. ‘झालं का ठरवून?’ असं हिने विचारलं. तिच्या स्वरात काहीतरी होतं, पण कार्डाबद्दल विचारते आहे हेच खूप.

१७ मे, रविवार. सायं. ५.५०

आज आणखी काटकसर. आवाज आधीच बंद होता, आता लिखित निरोपांची चौकटसुद्धा पडद्यावरून काढून टाकली. एक फ्रेम वाढली.

कन्या आज पूल ओलांडायला आलीच नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बराच वेळ. मी तिच्याभोवती गोल फिरलो, मग एकटाच पळालो, पडलो, परत आलो तरी ती तिथेच. साडेपाचला निघून गेली.

आमच्या तासातला अर्धा तास तिने याआधी कधी सोडला नव्हता. कंटाळली. माझ्या मशीनला, म्हणजे मलाच. लिहायला लाज वाटते, पण भीती वाटतेय.

१८ मे, सोमवार

तेवीस वर्षांत पहिल्यांदा तक्ता न बघता ऑर्डर दिली.

२२ मे, शुक्रवार

कार्ड आलं. स्वतः बसवलं. मागची केबल काढली, जशी होती तशी परत लावली. गेम सुरू केला.

काडीचा फरक नाही.

२२ मे, सायं. ८

दोषी कोण असू शकतं: मॉनिटर, वीजपुरवठा, गेमवाले, ज्याचा सल्ला ऐकला तो जाणकार. यादी वाढतेय. परवा रविवार. जेवण गेलं नाही.

२३ मे, शनिवार. स. ११

दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावलं. माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर. मी त्यांना तक्ता दाखवू लागलो, तर त्यांनी तो बाजूला ठेवला, मशीन फिरवलं आणि मागे वाकून बघितलं. मग विचारलं, ही केबल इथे कुणी लावली?

मॉनिटरची केबल कार्डाच्या खोबणीत लावायची असते. ती मदरबोर्डाच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य पाटीच्या, खोबणीत होती. मी साफसफाई केली त्या दिवसापासून. म्हणजे वर्षभर जुनं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि काल नवं कार्डही तसंच बसलं. बाईंनी केबल एक वीत खाली सरकवली. नदीचं पाणी हललं. त्यात मासे आहेत, हे मला माहीतच नव्हतं.

जुनं कार्ड उलटसुलट करून बाई म्हणाल्या, "हे अजून चार वर्षं चाललं असतं."

मी बाईंना सांगितलं की केबल बहुधा हादऱ्याने सरकली असेल. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे बघितलं.

२४ मे, रविवार. दु. ४.४५

सज्ज. अपडेट झालं. सगळं लोण्यासारखं. आवाजही सुरू केला, आता परवडतो.

सायं. ५.२०

पूल पहिल्या फटक्यात ओलांडला. पलीकडे कुणी नाही.

सायं. ५.४०

हिला विचारलं. ती म्हणाली, "ती सामान बांधतेय. तिने दोन रविवार सांगितलं ना तुम्हाला?"

कन्येला कंपनीने परदेशातली जागा देऊ केली होती. तीन वर्षांसाठी. उत्तर अठरा तारखेपर्यंत द्यायचं होतं. तिने हो कळवलं. शुक्रवारी विमान. हिला वाटलं मला सगळं ठाऊक आहे आणि नेहमीसारखा मी विचार करतोय.

सायं. ६.३०

निरोपांची चौकट परत पडद्यावर आणली. निरोप तसेच होते.

‘बाबा, माइक बंद आहे का?’

‘जाऊ का? तू सांग ना.’

‘हात हलव म्हणजे कळेल ऐकू येतंय.’

‘नुसता गोल काय फिरतोस.’

‘बरं. ठरवते मी.’

मी गोल फिरत होतो, ते तिने बघितलं होतं.

२९ मे, शुक्रवार

विमानतळावर तिला सोडलं. समोरासमोर होतो, त्यामुळे काही सुचलं नाही. बॅगेचं वजन किती भरलं ते विचारलं. मग तिने मिठी मारली, तेव्हा म्हटलं, मला ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, माहितीये.

३१ मे, रविवार. सायं. ५.००

कन्येचा फोन. खोली छोटी आहे, खिडकी मोठी आहे. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर गेम चालत नाही. त्याला ग्राफिक्स कार्डच नाही.

सायं. ५.३५

माझं जुनं कार्ड तिला पाठवता येईल का, बघितलं. लॅपटॉपमध्ये बसत नाही. दुरुस्तीवाल्या बाईंना फोन करून खात्री केली. त्यांनी दोनदा सांगितलं.

निश्चय: पुढच्या रविवारी पाचला फोन मी करायचा. काय बोलायचं याचा तक्ता केला. तीन रकाने. तिन्ही रिकामे.