गार पाण्यातलं दुखणं

आये, तुझ्या दुखण्याला नाव होतं. सिकलसेल. तू गेलीस तेव्हा आपल्या पाड्यावर ते कुणालाच माहीत नव्हतं. डोळे पिवळे झाले की कावीळ, हाडं ठणकली की वारं, आणि आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत तू अंथरूण धरलंस की आजी म्हणायची, "हिला कामाचा कंटाळा." मी अकरा वर्षांची होते. सिद्धगडाच्या पायथ्याचं आपलं खाचर, गुडघाभर गार पाणी, आणि तू बांधावर मांड्या आवळून बसलेली. आवणीला आलेल्या बायका आपल्याकडे बघतायत. मला लाज वाटली. मी म्हटलं, "ऊठ गो आये. तुझी नाटकं लोकांना कळतात." तू उठलीस आणि पुन्हा पाण्यात उतरलीस. चौथ्या दिवशी तुला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. दवाखान्यापर्यंत तू पोचली नाहीस.

आता मी आशाताईचं काम करते. लोकांच्या बोटाला सुई टोचते आणि समजावते, की रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मऊ असायला हव्यात; या आजारात आतलं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, म्हणून त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मरणाच्या कळा येतात. थंडीनं, दमणुकीनं, गार पाण्यानं दुखणं उठतं. हे प्रशिक्षणात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळ्या बाया वहीत उतरवून घेत होत्या. माझं पान कोरं बघून शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमाला समजलं ना?" समजलं होतं, आये. त्या पाण्यात तुला मीच उतरवलं होतं.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला तुझाच आजार आहे. अर्धा माझ्याकडून, अर्धा तिच्या बापाकडून, आणि आम्ही दोघं मात्र धडधाकट. लग्नाआधी रक्त तपासा, असं मी दारोदार सांगते; माझं लग्न ठरलं तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. आज सकाळी तिला शहापूरला आणलं. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, हिमोग्लोबिन पाचावर आलंय. रक्ताची पिशवी कल्याणहून यायची होती. मी बाही वर करून नर्सबाईंसमोर उभी राहिले. "माझं घ्या. लागंल तेवढं घ्या." त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचं नाय चालायचं. तुमच्यात पण तेच हाय." मला हे माहीत होतं. मीच दुसऱ्यांना सांगत आलेय. तरी बाही खाली करायला हात उचलेना.

चार वाजता पिशवी आली. आता थेंब थेंब चढतंय. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. तिचा हात माझ्या डाव्या हातात आहे आणि उजव्या हातानं मी हे लिहितेय. हा कागद कुठं पोस्टात टाकायचा नाही, औषधांच्या पिशवीत घडी करून ठेवीन. मघाशी तिनं विचारलं, "आये, तुझी आय कशानं मेली?"

"साप चावला," मी म्हटलं.

"मग बरंय," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी खोटं बोलले, आये. ती बरी होऊन घरी आली तरी खरं सांगायला माझी जीभ उचलेल असं वाटत नाही.