वरच्या कुरणावरचं घर

लिंझ,
९ नोव्हेंबर १९६९

ती. बुर्गीताईस,
लोरेंझचा सा. न. वि. वि.

आई गेल्याला दोन वर्षं झाली, त्यानंतर आज पहिलं पत्र. रागाव, पण सगळं वाचून मग रागाव.

कारखान्यात मला फेब्रुवारीत आठ दिवसांची रजा मिळाली आहे. आमची लेनी नऊ वर्षांची झाली. टिरोलच्या माणसाची मुलगी आणि स्कीवर धड उभी राहत नाही, म्हणून वर्गातली पोरं तिला चिडवतात. तेव्हा यंदा आम्ही तिघं गावी येतोय. हेडविगच्या मैत्रिणींनी हॉटेलांची रंगीत पत्रकं घरात आणून टाकली आहेत. कुठे पोहायला गरम पाणी, कुठे संध्याकाळी बँड. मी तिला सांगितलं, बहीण पाहुणे ठेवते आणि मी हॉटेलात उतरलो, तर गावात कुणी मला दारात उभं करणार नाही. तुझ्या चारपैकी एक खोली आम्हाला ठेव. कोपऱ्यातली असली तरी चालेल. आणि रश्शातले क्न्योडेल कर, आईसारखे मऊ पावाचे गोळे. लिंझमध्ये मिळतात ते नुसते दगड.

उत्तराची वाट पाहतो. माया कमी करू नकोस.

तुझा,
लोरेंझ

ग्रीस्टाल,
२० नोव्हेंबर १९६९

चि. लोरेंझ यास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. दोन वर्षांनी बहीण आठवली ती क्न्योडेलसाठी, हेही समजलं.

फेब्रुवारीत माझ्याकडे जागा नाही. म्युनिकच्या पाहुण्यांनी चारही खोल्या उन्हाळ्यातच धरून ठेवल्या. पण वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या क्विरिनने वरच्या कुरणावर नवं घर बांधलंय. चुलतभाऊ म्हणून त्याचं कौतुक करत नाही, घर खरंच चांगलं आहे. प्रत्येक खोलीला न्हाणी आहे. दारातच स्की चढवल्या की थेट डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपाशी. गोठ्याचा वास नाही, म्हणजे तुझ्या बायकोलाही मानवेल. तिथेच उतरा. रविवारी जेवायला मात्र माझ्याकडे.

लेनीला गोड पापा. थंडीत छाती जपत जा.

तुझी ताई,
बुर्गी

लिंझ,
१४ जानेवारी १९७०

ती. वन्संना,
हेडविगचा शि. सा. न.

क्विरिनभावोजींकडे आम्ही खोली धरली. लेनी आत्तापासूनच टोपी घालून घरभर फिरते.

एक गोष्ट लिहिते, रागावू नका. आईंच्या अंत्यविधीला मी तुमच्या दारात नाकाला रुमाल लावला आणि गोठ्याच्या वासाबद्दल बोलले. ते तुमच्या कानी गेलं असणार. मला तेव्हा दिवस गेले होते, नुसतं पोटात ढवळत होतं. पुढे ते मूल राहिलं नाही, म्हणून आम्ही कुणालाच सांगितलं नाही. पण बोलायला नको होतं. ऐन दुःखात तुम्ही आम्हाला घरात घेतलंत, ते मी नावाजायला हवं होतं.

पाहुण्यांपैकी कुणाचं रद्द झालं तर एक ओळ टाका. पोटमाळ्यावरही आम्ही खुशीने राहू. समक्ष भेटून बोलायचं आहे.

आपली माया असू द्यावी.

हेडविग

ग्रीस्टाल,
२ मार्च १९७०

चि. लोरेंझ यास आशीर्वाद.

तू माझा निरोप न घेता लेनीला घेऊन गाडीत बसलास. तुला दोष देत नाही. पण मला सांगितल्यावाचून जगता येणार नाही.

त्या दिवशी तू लेनीला घेऊन खाली आलास. तीन दिवस बर्फ थांबलं नव्हतं, लिफ्टही बंद होती. हेडविग का नाही आली, असं मी विचारलं. ती झोपलीय, असं तू म्हणालास. लेनीने दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि खिडक्या हादरल्या. मला वाटलं, छतावरचं बर्फ घसरलं. तू टोपीही न घालता धावलास. वरून कोसळलेल्या हिमकड्याने क्विरिनचं घर पायासकट उचललं होतं. क्विरिनची बायको त्याच संध्याकाळी सापडली, आणि तुझी दुसऱ्या दिवशी दुपारी. गावातले लोक क्विरिनला तोंडावर शिव्या देतात. तो मान खाली घालून ऐकतो.

लोरेंझ, म्युनिकचे पाहुणे नव्हतेच. चारही खोल्या रिकाम्या होत्या. आजोबांनी त्या कुरणावर गवताची खोपसुद्धा बांधू दिली नव्हती, हे तुला पत्र लिहिताना मला आठवलं होतं. इतक्या वर्षांत तिथे काही झालं नाही, आता काय होणार, असं म्हणून मी पाकीट चिकटवलं. पुढे हेडविगचं पत्र आलं. दोनदा उत्तर लिहायला बसले. मग वाटलं, असू दे, थोडी ताटकळू दे.

एवढंच. काय म्हणायचं ते म्हण.

बुर्गी

लिंझ,
१९ मार्च १९७०

ती. बुर्गीताईस,
लोरेंझचा नमस्कार.

मला आधीच माहीत होतं. पहिल्या दिवशी आम्ही तुला भेटायला आलो, तू कॉफी करायला आत गेलीस, आणि चारही खोल्यांच्या किल्ल्या खिळ्यांना टांगलेल्या दिसल्या. दारात परक्या माणसाचा एक बूट नव्हता. वर जाताना मी संतापलो, परत जाऊन तुला तोंडावर विचारतो म्हणालो. हेडविगने माझी बाही धरली. म्हणाली, त्यांना मी नकोशी असेन तर त्यांना आता ओशाळं कशाला करायचं. निघण्याआधी मीच एकटी जाऊन त्यांच्याशी बोलते.

त्या दुपारी ती झोपलेली नव्हती. भावंडांनी मोकळेपणी बसावं म्हणून मुद्दाम मागे राहिली. मी तुझ्याशी खोटं बोललो.

आणखी ऐक. त्या डोंगराखाली मीही वाढलोय. कुरणाबद्दल आजोबा काय म्हणायचे, ते मलाही ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याचा आवाज ऐकून मला तेच आठवलं होतं. पिशव्या उचलून तुझ्या दारात येऊन उभा राहिलो असतो, तर तू नाही म्हणाली नसतीस. पण मला तुझ्यापुढे हात पसरायचे नव्हते. तू एक खोली नाकारलीस, मी ती दुसऱ्यांदा मागितली नाही. मधल्यामधे हेडविग गेली.

लेनी विचारते, आत्याकडे खोल्या होत्या तर आपण वर का राहिलो. तिनेही पाहिलं असणार. मी अजून उत्तर दिलेलं नाही आणि एकटा देणारही नाही. ईस्टरला ये. गाडी साडेचारला पोचते, मी स्टेशनवर असेन. तिच्यासमोर बसून तुझं तू सांग. माझं मी सांगेन.

लोभ मागावा इतकं मन अजून झालेलं नाही. तरी ये.

लोरेंझ