गप्प सुरांची हकालपट्टी

प्रिय नूतनताई,

बोर्डीहून प्रितेशचा नमस्कार. पायाचं प्लास्टर निघालं का? खाज सुटली तरी आत विणायची सुई घालू नकोस (आई म्हणते, तू घालतेसच). भावजींना नमस्कार. इकडे सगळे मजेत, चिकू बरे आलेत, आणि तू नव्हतीस एवढं सोडलं तर मयूरीचं लग्न छान पार पडलं.

आता तुझ्या लॅपटॉपबद्दल. तू तो दिलास म्हणून मी घरच्या घरी सिंथेसायझर बनवू शकलो (खरं वाद्य नाही, नुसत्या गणितातून आवाज काढणारं सॉफ्टवेअर). याबद्दल मी तुझा जन्मभर ऋणी आहे, आणि पुढचं वाचतानाही तू हे लक्षात ठेवावंस. तुझी अट मला पाठ आहे: सख्ख्या बहिणीच्या हळदीत नीट वाजवून दाखवलं तर लॅपटॉप कायमचा माझा, नाहीतर तुझ्या भावाला, म्हणजे हितेशला, चिकूच्या ऑर्डरी घ्यायला.

हळद तोंडावर आली आणि लक्षात आलं की कीबोर्डच्या चार पट्ट्या एकदम दाबल्या की प्रोसेसर धापा टाकतो आणि स्पीकरमधून पुऱ्या तळल्यासारखी तडतड येते. बाबा ओटीवरून विचारायचे, "गाणं लावलंयस की कढई?" आधी वाटलं तापतोय, म्हणून डहाणूच्या बंदरावरून आणलेल्या बर्फाच्या पिशवीवर ठेवला (तो बर्फ आधी पापलेटांनी वापरलेला होता, वास आता गेलाय, म्हणजे बराचसा). मग डोकं वापरलं. प्रत्येक सुराची लाट मी दर वेळी नव्याने गणित करून काढत होतो, म्हणजे भाजीत चिमूटभर मसाला हवा म्हणून रोज मिरच्या कांडायच्या. ती एकदाच काढून साठवली, वर्षाच्या मसाल्यासारखी. तरी थोडी तडतड उरलीच. शेवटी चोर सापडले: वाजून संपलेले सूर. आवाज शून्य झाला तरी त्यांचं गणित चालूच, पंगतीत पान पुसून झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यांसारखं. मी नियम केला, ज्याचा आवाज शून्य दिसेल त्याला उठवा. प्रोसेसर एकदम निवांत, पंखासुद्धा थांबला. आनंदाने मयूरीला मिठी मारायला गेलो तर म्हणाली, "मेंदी ओली आहे, लांबूनच आनंद कर."

हळदीत नाचाची गाणी मस्त वाजली. हितेश नाचला, यातच सगळं आलं. मग वेवजीहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन मंडळी आली, मयूरीला पाटावर बसवलं, आणि खास तिच्यासाठी रचलेली धून मी सुरू केली, जी शून्यातून अगदी हळूहळू वर येते. ती आलीच नाही. ताई, तुझ्या लक्षात आलं असेल, मला वेळ लागला. शून्यातून निघणारा सूर निघताना शून्यच असतो. जेवलेल्यांना उठवण्याच्या नादात मी नुकते बसायला आलेल्यांचीही पानं उचलली होती. मी पट्ट्या दाबतोय, मांडव गप्प. हितेश मागून ओरडला, "वाजव ना, तू का लाजतोस? लग्न तिचं आहे."

तेवढ्यात हिरकणीआत्याने हळदीचं गाणं धरलं. मांडवात स्पीकर आल्यापासून तिचं गाणं कोणाच्या कानावर पडलंच नव्हतं. एकेक करत सगळ्या बायका मिळाल्या, वेवजीच्यासुद्धा. आई रडली, मयूरी रडली, मीही रडलो (माझं कारण वेगळं होतं). नंतर आत्याने माझ्या गालाला हळद फासली आणि म्हणाली, "बरं केलंस पोरा, वेळेवर बंद केलंस." मी श्रेय घेऊन टाकलं. पण खरं सांगतो, एवढं चांगलं गाणं माझ्या हातून त्या दिवशी कितीही नीट वाजवून झालं नसतं. तू लॅपटॉप दिला नसतास तर तो बंदही पडला नसता.

तुझा ऋणी,
प्रितेश

ता. क. : आईने फोनवर "प्रितेशने कमाल केली" असं सांगितलं, ते हळदीपुरतं खरं आहे. सॉफ्टवेअरपुरतं वर लिहिलंय ते खरं. चूक दुरुस्त केलीय: पट्टीवरून बोट उचलेपर्यंत कुठल्याही सुराला उठवायचं नाही.

ता. क. २ : खरं विचारायचं ते हे. अट "नीट वाजवून दाखवलं तर" अशी होती. नीट गप्प बसून दाखवलं, तर चालेल का? वेवजीच्या मंडळींनी तलासरीच्या एका लग्नाला बोलावलंय, आणि बायका गायला लागल्या की तसंच बंद कर म्हणून बजावलंय. बंद करायलासुद्धा लॅपटॉप लागतो गं.

ता. क. ३ : हितेश सकाळी लॅपटॉप न्यायला आला होता. दुरुस्त झालेली धून त्याला ऐकवली, तिथे चुकलो. जेवणं झाली तरी तोच वाजवत बसलाय, चिकूचं नावही काढत नाही. तेव्हा तुझा निर्णय लवकर कळव, आणि मला नको, त्यालाच कळव.