परसातला खड्डा आधी साफ करा

मी, रत्नाबाई कोंडाजी ढमाले, वय चौऱ्याहत्तर, धंदा काही नाही, पूर्वी अंगणवाडी सेविका, राहणार मौजे भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मन शाबूत नाही, दिवाळीच्या पाडव्यापासून ते थाऱ्यावर आलेलेच नाही. परंतु वकीलबाई म्हणतात की कायद्याला बुद्धी पुरते. बरे झाले.

खाली नमूद केलेली मिळकत माझ्या एकटीच्या मालकीची आहे. माझे पती कै. कोंडाजी यांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली व हयात असतानाच माझ्या नावे करून दिली. तीवर कोणाचा बोजा नाही.

कलम १. यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात घर, भाड्याच्या खोल्या आणि मागचे परस असे सगळेच माझा मुलगा अमोल याला दिले होते. कारण म्हणून मी स्वतःच्या हाताने लिहिले होते, "चिरंजीवाने वडिलांच्या पश्चात परसातला खतखड्डा निगुतीने सांभाळला, म्हणून." ते वाक्य आता वाचवत नाही. वकीलबाईंना म्हटले, फाडा तो कागद माझ्यासमोर.

कलम २. रद्द का केले, त्याचा खुलासा. मृत्युपत्रात एवढे लांबण लावत नाहीत असे वकीलबाई म्हणतात. मी लावणार.

आमच्या घरी पाडव्याला संध्याकाळी उकिरड्यावर पणती ठेवतात. सासूबाई ठेवायच्या, मग मी. उकिरडा म्हणजे जमिनीचे जेवण, त्याला विसरायचे नाही, असे सासूबाई म्हणत. आमच्या ह्यांनी तो उकिरडा नीट बांधून काढला. परसात फणसाजवळ खड्डा खणला, तळाला आणि कडेला दगड रचले. भाजीचे देठ, साली, पालापाचोळा, शेण, सगळे त्यात. मी अंगणवाडीत मुलांच्या आयांना हेच शिकवले. ओले इकडे, सुके तिकडे, आणि घरातले ओले घराबाहेर जाता कामा नये. गावात मला खतवाल्या बाई म्हणायचे. मला त्याचा अभिमान होता, खोटे कशाला सांगू!

हे गेले, आणि पुढच्याच वर्षी माझे हृदयाचे दुखणे निघाले. दवाखान्यातून घरी आल्यावर सून शुभांगी म्हणाली, "आत्याबाई, परसात उतार हाय, पाय घसरंल. तुमी दारात बसा, बादली मी नेते." तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या दारात बसून बादली द्यायची आणि ती न्यायची. पाडव्याची पणती अमोल ठेवून यायचा. दरवर्षी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास शुभांगी काळेभोर खत घमेल्यात आणून दाखवायची. मी ते पिशव्या भरभरून आळीतल्या बायकांना वाटायची. हुंगून बघा म्हणायची, पावसाच्या मातीचा वास येतो की नाही!

यंदा पाडव्याला अमोल नवी गाडी आणायला पिरंगुटला गेला तो मुहूर्तात अडकला. अंधार पडायला लागला. म्हटले, आपणच जाऊ. काठी टेकत गेले. वर पालापाचोळा छान पसरलेला. पणती ठेवली, हात जोडले, वळले, तर मागे भक्कन उजेड.

ओला खड्डा पेट घेत नसतो. इतकी वर्षे मी पणती ठेवली, ती आपोआप विझून जायची. इथे पाला भुरकन जळाला आणि त्याखालचे पेटले. काळा धूर, आणि तो वास! भाडेकरू बादल्या घेऊन धावले, शुभांगीने मोरीची नळी ओढून आणली. आग विझल्यावर मी बॅटरी मारून बघितले. खाली पिशव्या, थर्माकोल, पार्सलांची वेष्टने, दुधाच्या पिशव्या, लहान मुलांचे डायपर. तळ दिसेना. ह्यांचा खड्डा काठोकाठ प्लॅस्टिकने भरलेला.

मी विचारले, "हे कुणी टाकलं?"

मग आमचे भाडेकरू शैलेश, लातूरचे, पिरंगुटला कंपनीत आहेत, घरात तान्हे मूल, ते खाली मान घालून म्हणाले, "काकू, सॉरी. अमोलदादांनीच सांगितलं होतं. घंटागाडी आत येत नाही, खड्ड्यात टाका, वरून पाला टाकू म्हणून."

एवढ्यात अमोल आला. नव्या गाडीला हार. मी म्हटले, "अमोल, तुझे वडील कुठं आहेत?"

त्याने हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

हे जाताना सांगून गेले होते, राख नदीत नको, धरणात तर नकोच, लोक तेच पाणी पितात. माझ्या खड्ड्यात मिसळा. अमोलनेच स्वतःच्या हाताने ती राख त्या खड्ड्याच्या तळाला मिसळली होती. मी काठावर उभी होते. त्या राखेवर या लोकांनी डायपर टाकले!

अमोल म्हणाला, "आई, डाक्टर म्हणलं व्हतं, तुला धक्का बसता कामा न्हाई. खड्डा एकदा लई वास मारायला लागला, भाडेकरू सोडून चालले व्हते. तुला सांगितलं असतं तर तू स्वतः उतरली असतीस त्यात."

मी म्हटले, "मग आता काय दिलंत मला? पेढा?"

कलम ३. राहते घर आणि भाड्याच्या खोल्या मी अमोल व शुभांगी या दोघांना निम्मे निम्मे देते. अमोलला एकट्याला नाही. सूनबाईंचे नाव उताऱ्यावर आल्याशिवाय त्याने एकही खोली विकू नये. प्रत्येक भाडेकरूच्या दारात दोन डबे असावेत, आणि कोणता कशाचा हे अमोलने भाडे ठरवतानाच स्वतः समजावून सांगावे. घंटागाडी आत येत नसेल तर डबा उचलून रस्त्यापर्यंत न्यावा. तेवढ्याने कोणी मरत नाही. नवी गाडी आहेच.

कलम ४. गच्चीवरचा सूर्यबंब, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा. हा बंब घरासोबत जाईल असे लिहायला बसले होते. पण आता मी कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय लिहीत नाही. शुभांगीला समोर बसवले आणि म्हटले, "अजून काय काय खोटं आहे ते एका दमात सांग." अमोल उठून बाहेर गेला. ती मात्र बसली आणि तिने सांगितले.

बंब माकडांनी केव्हाच फोडला आहे. न्हाणीघराच्या माळ्यावर गीझर बसवला आहे, त्याचे बटण पडद्यामागे. अगं आई गं! भर आषाढात, चार चार दिवस सूर्याचे तोंड दिसत नव्हते, तेव्हाही माझ्या अंघोळीला कढत पाणी यायचे, आणि मी बाहेर येऊन हात जोडायची, सूर्यनारायणाची कृपा म्हणून! आळीतल्या दोघीतिघींनी माझे ऐकून बंब बसवले. त्यांना काय वाटत असेल?

आणि खत? ते भुकूमच्या रोपवाटिकेतून विकत आणलेले. पोत्यातून घमेल्यात, घमेल्यातून माझ्या नाकाखाली. मी हुंगायला लावले ते विकतचे.

तरी बंब दुरुस्त करून घ्यावा. गीझर काढून टाकावा. थंडीत फारच गरज पडली तर चुलीवरचे पाणी चालेल, मला पूर्वी चालत होते.

कलम ५. मोरीचे पाणी. धुण्याभांड्याचे पाणी परसातल्या केळींना आणि अळवाला जावे, अशी सोय ह्यांनी करून ठेवली होती. हेही खोटेच असणार असे धरून मी काठी घेऊन पाटाच्या कडेने शेवटपर्यंत गेले. शुभांगी मागून ओरडत होती, "आत्याबाई, पडाल!" पडू दे म्हटले, आता काय राहिले आहे पडायचे.

चिखल होता. खरा. केळीला घड लागलेला. पाट मध्येच फुटलेला, तिथे दगड लावून, चिंध्या कोंबून पाणी वळवलेले. विचारले, हे कोणी केले? म्हणाली, "मीच. पानी गटारात चाललेलं बघवत न्हाई मला. तुमीच म्हणायच्या ना."

मी तिथेच केळीच्या बुंध्याला टेकून बसले. पाडव्यापासून पहिल्यांदा रडू आले. खोटे बोलणारीही हीच आणि पाणी वळवणारीही हीच. माझ्या डोक्यात हे दोन्ही एकदम मावेना, अजून मावत नाही.

कलम ६. माझे शिलाईचे मशीन शुभांगीला. जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून तीच वर्षभर वापरते, हेही मी तपासले. कपाट उघडून बघितले, वापरून विटलेल्या आहेत, म्हणजे खऱ्या. फाटकी लुगडी गोधडीला ठेवावीत. मटण आणायला डबा न्यावा, दुधाला किटली. परसात दोरी बांधलेली आहे, ऊन फुकट आहे, कपडे वाळवायचे यंत्र घरात आणू नये. प्यायचे पाणी माठातलेच आहे, फ्रिजमधले नाही, असे शुभांगीने शपथेवर सांगितले आहे. खोलीतून उठताना दिव्याचे आणि पंख्याचे बटण बंद करावे. हे अंगणवाडीतल्या पोरांना कळायचे, अमोलला अजून कळत नाही.

कलम ७. माझी धाकटी जाऊ हेमलता, शेजारीच राहते. काही वर्षांपूर्वी भर हळदीकुंकवात ती म्हणाली, "वयनी, तुमच्या खताला शेणाचा वास कसा येत न्हाई वो? दुकानातल्यावानी दिसतंय." तेव्हापासून मी तिच्या दारात पाय ठेवला नाही. तिला माझा तांब्याचा हंडा द्यावा. ती बरोबर होती, एवढे इथे लिहिते. तोंडाने म्हणणार नाही.

कलम ८. आता परस. माझ्या मिळकतीत किमती असे काही असेल तर तेच, म्हणून शेवटी ठेवले.

परस, त्यातला फणस, केळी आणि खतखड्डा मी शुभांगीला एकटीला देते, पण एका अटीवर. खड्डा तळापर्यंत साफ झाला पाहिजे. जेसीबी लावायचा नाही. जेसीबीला कचरा कळतो, राख कळत नाही. हाताने उपसायचा. प्लॅस्टिक, काच, कापड वेगळे करायचे, धुण्यासारखे धुवायचे, भंगारवाल्याला आणि घंटागाडीला द्यायचे. जाळायचे नाही, ओढ्यात लोटायचे नाही. खाली जी माती लागेल तिचा एक कणही बाहेर जाता कामा नये. तिच्यात हे आहेत. अमोलने उतरावे. नोकर लावू नये.

माझ्या पहिल्या वर्षश्राद्धाचा दिवस येईपर्यंत खड्डा साफ झाला नाही, तर परस हेमलताला जाईल. होय, हेमलताला. वाचून अमोलला घाम फुटेल, फुटू दे. ती आयुष्यभर टोचून बोलली, पण खरे बोलली.

साफ झाल्यावर पाडव्याला तिथे पणती ठेवावी. पेटले तर समजावे, पुन्हा फसवताय.

कलम ९. माझे अंत्यसंस्कार. प्लॅस्टिकचे हार नकोत, पाण्याच्या बाटल्यांची खोकी नकोत. दहाव्याला येणाऱ्यांना पाणी तांब्याभांड्यातून द्यावे, जेवण पत्रावळीवर, खऱ्या पानांच्या. माझी राख ह्यांच्या शेजारी, त्याच खड्ड्याच्या तळाला, मातीत मिसळावी. मधे काही नको. आयुष्यभर आम्ही दोघांनी घरातले ओले-सुके वेगळे करून ठेवले, शेवटी आमच्या दोघांत कोणाच्या बाळाचे डायपर नको.

खड्डा साफ नसेल तर राख मडक्यात घालून फणसाला टांगून ठेवावी. अमोलने रोज सकाळी दात घासताना तिच्याकडे बघावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला. वकीलबाईंनी तीन जागा गाळायला सांगितल्या होत्या, गाळल्या नाहीत. पुढील दोन साक्षीदारांसमोर, भानावर राहून, रागात पण समजून उमजून सही केली.

रत्नाबाई कोंडाजी ढमाले
(सही)

साक्षीदार १. एकनाथ गोळे, निवृत्त पोस्टमन, रा. भरे. (सही)

साक्षीदार २. शैलेश, भाडेकरू, मूळ रा. लातूर. (सही) यांनी सही करताना पुन्हा सॉरी म्हटले. पुरे आता. बाळाला लंगोट शिवून दिले आहेत.

स्थळ : भरे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२५

ता. क. सही करताना परसातून फावड्याचा आवाज येत होता. वकीलबाईंनी विचारले, अमोल उतरलाच आहे तर अट काढून टाकायची का? म्हटले, नाही. मी दारात जाऊन बघितले. अमोल छातीपर्यंत खड्ड्यात, शुभांगी काठावर पिशव्या धुते आहे, आणि कुंपणापलीकडून हेमलता आणखी एक बादली पाणी पुढे करते आहे. ह्यांनी रचलेले तळाचे दगड अजून दिसलेले नाहीत. ते दिसेपर्यंत मी मरत नाही, असे अमोलला सांगून आले आहे.