गौराबाईची भट्टी आणि परदेशातले ढग

प्रिय शिवलीला,

तुझी आई म्हणते, फोन असताना हे कागद कशाला काळे करताय. पण फोनवर तू समोर दिसतेस, हसतेस, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितोय. शेजारची शिवप्रिया याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. तिला म्हटलं, वाचायचं न्हाय हां, बाप-लेकीचं आहे. वाचलंच तर वाचू दे.

इकडं सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड त्याहून जास्त चालतं. सोयाबीन निघालं, दुकानात गिऱ्हाईक बरं आहे. तुला तिकडं ब्राझीलात ज्वारीचं पीठ मिळतं का, का अजून त्या कंदाच्या पिठावरच दिवस काढतेस?

श्रावणात पावसानं ओढ दिली होती, तेव्हा तू फोनवर मला तुझं काम समजावलं होतंस. चहूकडं घनदाट जंगल आणि मधोमध ते मनौस शहर. शहरातल्या गाड्यांचा, तेल जाळून वीज करणाऱ्या कारखान्यांचा धूर वाऱ्याबरोबर जंगलावर जातो. धुराच्या बारीक कणांवर ढगातलं पाणी बसतं. कण वाढले की भाकरी तेवढीच आणि पाहुणे दुप्पट, तशी गत होते. प्रत्येकाच्या वाट्याला इवलंसं पाणी, मग थेंब मोठा होत न्हाय आणि खाली पडत न्हाय. कधी याच्या उलटही होतं, तोच ढग उंच वाढतो आणि धो धो कोसळतो. कुठं काय होईल तेच तर आम्ही शोधतोय अप्पा, असं तू दोनदा सांगितलंस. मी पहिलं ध्यानात ठेवलं आणि दुसरं सोडून दिलं. सोयीचं तेवढंच घेतलं बघ.

सोय कसली, तर दुकानाच्या पाठीमागची गौराबाईची खव्याची भट्टी. लहानपणी तू तिच्या कढईची खरवड खायला पळायचीस. नवरा गेल्यापासून ती एकटीच ती भट्टी ओढायची. आसपासच्या घरांचं दूध घ्यायची, आटवायची, खवा भूमच्या बाजाराला पाठवायची. पण लाकूड ओलं लागलं की धूर थेट माझ्या दुकानात. साखरेच्या पोत्यांवर काजळी, माझ्या धोतरावर काजळी. कितीदा भांडलो मी तिच्याशी! तिचं तोंडही काही कमी न्हाय. लेकीला माझा खवा गोड लागतो आणि तुम्हालाच धूर कसा कडू लागतो हो अप्पा, म्हणायची. मग मला आणखीच राग यायचा.

तर त्या कोरड्या दिवसांत सगळे ग्रामपंचायतीसमोर आभाळाकडं बघत बसलेले. ढग यायचे आणि गावावरून तसेच शेजारच्या वाशी तालुक्याकडं निघून जायचे. कुणी डोंगरावरच्या पवनचक्क्यांना शिव्या घालत होतं, त्यांची पाती म्हणे ढग पळवतात. मी हसलो, अडाणी कुठले म्हणालो, आणि तुझं ज्ञान पाजळायला बसलो. छाती नुसती फुगली होती. ढग धुरानं हटतात, परदेशात सिद्ध झालंय, माझी लेक तेच काम करते! सरपंचाचा भाऊ बलभीम म्हणाला, मग आपल्या गौराबाईच्या भट्टीचं काय? सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. तिथं मला न्हाय म्हणता आलं असतं गं. निदान, माहीत न्हाय, लेकीला विचारतो, एवढं तरी. मी म्हणालो, व्हय, धूर तो धूरच.

झालं. त्याच दुपारी दहा-बारा जणांनी जाऊन तिच्या जाळावर घागरी रिकाम्या केल्या. तापलेली भट्टी तडकली. मी दुकानाच्या दारात उभा राहून बघत होतो. वाटलं होतं, आता ही आकांडतांडव करील. पण ती संध्याकाळी दुकानात आली आणि म्हणाली, अप्पा, लेकीला एवढं विचारा की, आभाळाला किती धूर चालतो? तेवढाच करीन. शिवलीला, मी मान वर केली न्हाय. डाळ मोजत बसलो. ती निघून गेली. हे लिहिताना शरमेनं माझे कान तापलेत.

आणि आठवडा जायच्या आत पाऊस पडला! असा पडला की ओढ्यांना पूर आला. आता कुणाला काय समजावणार? लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. हार घातला, आणि मी निर्लज्जासारखा घालून घेतला. ज्यांचं दूध गौराबाई घ्यायची ते आता डेअरीला घालतात. आणि ती पहाटेच्या बसनं येरमाळ्याला जाते, हायवेवरच्या एका हॉटेलात भांडी घासायला. जिच्या हातासारखा खवा पंचक्रोशीत कुणाला जमत न्हाय, ती बाई! माझ्या दुकानात आता धूर येत न्हाय, पोती स्वच्छ आहेत, आणि मला तिथं बसवत न्हाय.

मागच्या रविवारी मी तुला उगीच विचारल्यासारखं विचारलं, एका खव्याच्या भट्टीनं पाऊस थांबतो का? किती हसलीस तू! अप्पा, कुठं लाखो लोकांच्या शहराचा धूर आणि कुठं एक भट्टी! तो धूर बाधलाच तर भट्टीपुढं बसणारीच्या छातीला बाधेल, तिला उंच धुराडं करून द्या, म्हणालीस. का विचारताय म्हणालीस, तर मी म्हणालो, काही न्हाय, सहज. फोन ठेवला आणि कुणी तोंडात मारल्यासारखा बसून राहिलो. आई विचारत होती काय झालं, तिलाही सांगितलं न्हाय.

मग ग्रामसभेत मी उठलो. म्हणालो, माझं चुकलं, भट्टीचा आणि पावसाचा काही संबंध न्हाय. लोक हसले. बलभीम म्हणाला, बाईची दया आली म्हणून लेकीची विद्या खोटी पाडता काय अप्पा? शिवलीला, गावाला माझा शब्द नकोय, तुझा हवाय. आणि ऐक, पुढच्या महिन्यात तू आलीस की गावानं तुझा सत्कार ठरवलाय, तुझ्या विद्येनं पाऊस आणला म्हणून. मांडव, पाहुणे, सगळं ठरलंय. तू नको म्हणशील, मला ठाऊक आहे, म्हणूनच हे पत्र. न्हाय म्हणू नकोस. ये. माईक हातात घे आणि सगळ्या गावासमोर सांग की माझ्या बापानं माझ्या नावावर खोटं सांगितलं. त्यांचा गैरसमज झाला, वय झालंय, असलं काही बोलू नकोस. खोटं म्हण. मी पुढच्या रांगेत बसेन. गौराबाईला बोलवायला मी स्वतः जाणार आहे, ती येईल का न्हाय, देव जाणे. तू लेक आहेस, ऐन वेळी तुझा जीव तुटेल, बापाला सांभाळून घ्यावंसं वाटेल. पण मला सांभाळलंस, तर तिची भट्टी पुन्हा पेटायची न्हाय.

तुझ्या नावावर मिरवलेला,
तुझाच अप्पा