तीन टिंबांचा वारसा

ता. ३ जून

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

ज्या जुन्या मोटारगाडीचे बुश, पिना, दाराच्या मुठी तुम्ही तुमच्या लेथवर नव्याने घडवल्या, ती गाडी मूळची कशी म्हणायची? मला उत्तर येत नाही. पदवीला हा प्रश्न कुणी घातला नव्हता. आणि ती गाडी बनवणाऱ्या आमच्या कंपनीच्या शताब्दीच्या पुस्तकात ‘प्रत्येक भाग अस्सल’ असं लिहायचं काम मात्र माझ्याकडे आलं आहे.

काल तुमच्या मालकांची ती गाडी शताब्दीच्या ‘अस्सल गाडी’ पदकासाठी तपासणीला आली. म्हणजे ट्रकमध्ये बसून आली. चालवली तर झिजते म्हणे. कंपनीचे वारसातज्ज्ञ भिंग घेऊन तिच्याखाली सरपटत शिरले आणि कपाळाला ग्रीस, डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत बाहेर आले. भागांच्या आतल्या अंगाला तीन बारीक टिंबं सापडली! संस्थापकांची गुप्त खूण, असं त्यांनी जाहीर केलं. शेजारच्या गाडीचे सगळे भाग खरोखर जुने. तिला एकही टिंब नाही, म्हणून ती नकली ठरली.

बाबा, तीच टिंबं आईच्या शिलाई मशीनच्या दांड्यावर आहेत. काय लिहू?

तुमची,
गोंधळलेली पदवीधर

ता. ९ जून

चि. पदवीधरबाई,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. हसता हसता तिला ठसका लागला. टिंबं माझीच. घरात माणसं तीन, म्हणून तीन. तुझ्या जन्माआधीच्या भागांवर दोनच आहेत. ते तज्ज्ञांना सांगू नकोस, आणखी एक संस्थापक शोधून काढतील.

मालकांना पदक मिळू दे. आजोबांनी गाडी घेतली, वडिलांनी झाकून ठेवली, हे तिला फडक्याने पुसतात. घराण्याने एवढे कष्ट घेतले आहेत. खरं लिहिलंस तर तुझी खुर्ची जाईल. आपल्या घरातली ती पहिलीच खुर्ची आहे, सांभाळ.

फक्त टिंबांचा फोटो छापलात तर एक प्रत मिळेल का? आईला हवी आहे. ती नाही म्हणते, पण हवी आहे.

जेवणाच्या वेळा पाळ, आशीर्वाद आहेतच.

तुझा बाप

ता. २४ जून

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

प्रत कुणाला हवी आहे ते कळलं.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, वारसा खरा-खोटा नसतो, चकचकीत असतो. मालक म्हणाले, मिस्त्री तर घरचाच माणूस, त्याचं वेगळं नाव कशाला? पदकावर स्वतःचं नाव नीट आलंय ना, हे मात्र त्यांनी दोनदा तपासलं.

पण छपाईआधी शेवटची सही माझी लागते. पुस्तक वाचणारी इथे मी एकटीच आहे. एकोणचाळिसाव्या पानावरून संस्थापकांची खूण काढली. टिंबांच्या फोटोखाली तुमचं पूर्ण नाव घातलं आणि पुढे लिहिलं: दोन टिंबं मुलगी होण्यापूर्वीची, तीन नंतरची. काल पुस्तक छापून आलं. खुर्ची अजून आहे, कारण साहेब अजून मुखपृष्ठच पाहत आहेत.

पहिली प्रत या पत्रासोबत आईच्या नावाने पाठवली आहे. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमचं,
तिसरं टिंब