शकूची लेक आन् समुद्रातल्या काकड्या

कार्तिक वद्य ८, सन १९६१. जळकोट.
नात शकू सुटली. लेक झाली! जावळ तर एवढं दाट. म्या पणजी झाले, पाय भुईवर ठरंनात. नातजावई दत्तूरावांना तार केली. त्यांची सरकारी नोकरी, तिकडं रामेश्वराकडं. काम काय, तर समुद्रातल्या काकड्या मोजायच्या. भाजी न्हवं, जित्ता जीव हाय. ना डोळं ना हाडं, वाळूत पडून वाळूच खातो. शकूला पोचवायला आले तवा त्यांनी एक वाळलेली दावायला आणली व्हती. म्या अंगणातच ठिवायला लावली.

व. १०
शकू बाजंवर पडून नवऱ्याचंच बोलती. किनाऱ्याच्या काकड्या व्यापाऱ्यांनी उपसल्या, वाळवून परमुलखात धाडल्या. आधी गुडघाभर पाण्यात घावायच्या, आता होडीनं लांब जावं लागतं. म्हणलं, "संपल्या तर मोजायचं काय?" तर म्हणती, "आजी, संपल्या हेबी मोजूनच कळतं की!" हुशार हाय. डिंक कुटायचा राहिला.

व. १२. पाचवी.
सटवाई पुजत व्हतो. शकूचा थोरला दीर सोलापूरच्या मोटारीनं आला, दारातच हळू आवाजात सांगितलं. वादळात दत्तूची होडी गेली, परत न्हाय. हुडकत्यात.
माझा ल्योक म्हणला, "बाळंतिणीला कळू द्यायचं न्हाय. दूध आटंल." म्या व्हय म्हणलं. धुरी घेऊन आत गेले.
"आजी, कोण आलं?"
"वाटसरू. पाणी पिऊन गेला."
आज रातीला सटवाई पोरीच्या कपाळावर काय लिहिणार...

अमावस्या
खबर न्हाय. पोरगी लई गोड. शकू हसती, मग म्याबी हसते. मग गोठ्यात जाऊन बसते.

मार्गशीर्ष शु. ४
बारसं. पोरीची आत्या आली, संगं थोरला दीरबी. तिनं यायलाच पायजे, नाव तीच सांगणार. कानाशी वाकली ती वर उठंचना. पाठ गदगदत व्हती. बायांचं गाणं थांबलं.
शकू म्हणली, "वन्सं, त्यांचं काय झालं?"
सांगावं लागलं. रडली न्हाय. दिराला इचारलं, "हुडकत्यात कुठं?"
"किनाऱ्या-किनाऱ्यानं."
"किनाऱ्याला काय राहिलंय? लांबच्या बेटामागं काकड्या दाट हायत, आता तिकडंच जाणार म्हणून मला सांगितलं व्हतं त्यांनी. आजी, मला का न्हाय इचारलं?"
दीर तसाच अनवाणी तार करायला धावला. शकूनं पोरीला पदराखाली घेतलं आन् माझ्याकडं पाठ केली.